आवारातील जागा कोणाची?

(विद्यापीठांतील वाहनतळाच्या प्रश्नावरील व्याख्यानाचा गोषवारा)



विद्यापीठातील वाहनतळ हा विषय व्याख्यानासाठी क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. शिक्षणाचा दर्जा, शुल्कवाढ, पदवीधरांची बेकारी असे प्रश्न समोर उभे असताना गाड्या कोठे लावाव्यात याचा खल कशासाठी, असे कोणीही विचारील. परंतु ज्या आवारात गाडी लावण्यावरून अध्यापक, विद्यार्थी आणि रखवालदार यांची रोज सकाळी हमरीतुमरी होते, तेथे हा प्रश्न क्षुद्र राहत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत या प्रश्नाची थट्टा केली होती. आधुनिक विद्यापीठातील स्वतंत्र बाण्याच्या अध्यापकांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते, तर वाहनतळाविषयीची समाईक तक्रार, असा तिचा आशय होता. त्याच विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या प्राध्यापकांसाठी गाडीची राखीव जागा ठेवण्यात आली. विद्वत्तेच्या सर्वोच्च सन्मानाबरोबर मिळालेले वतन म्हणजे काही चौरस मीटर डांबर!

थट्टा बाजूस ठेवली, तरी तिच्यातून अर्थशास्त्राचा एक धडा निघतो. जी वस्तू दुर्मीळ आहे आणि जिचे मोल घेतले जात नाही, तिची वाटणी दुसऱ्या कोणत्या तरी निकषावर होतेच. तो निकष कधी हुद्द्याचा असतो, कधी सकाळी लवकर येण्याचा, तर कधी निव्वळ दांडगाईचा. ‘फुकट’ या शब्दाने वाटणी न्याय्य होत नाही. तिचा हिशेब तेवढा दिसेनासा होतो.

पुण्याचे उदाहरण घ्यावे. १९४९ साली गणेशखिंडीतील जुन्या गव्हर्नर निवासाच्या आवारात पुणे विद्यापीठ सुरू झाले. २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सुमारे ४११ एकरांचे हे वृक्षराजीने भरलेले आवार. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे सायकलीची जागा स्कूटरने आणि स्कूटरची जागा हळूहळू मोटारीने घेतली. एवढ्या विस्तीर्ण आवारात जागेची टंचाई असावीच का, असे नवख्याला वाटेल. वस्तुतः अशा आवारांत टंचाई जागेची नसते. ती विभागाच्या दारापाशी असलेल्या जागेची असते. पाच मिनिटे चालण्याच्या अंतरावर मोकळी जागा असली, तरी दाराशी झाडाखाली गाड्यांवर गाड्या लागतात.

यावर सुचविला जाणारा सरधोपट उपाय म्हणजे नवे वाहनतळ बांधणे. त्याचा हिशेब करून पाहावा. उघड्या तळावर एका मोटारीस, वळण्याची व ये-जा करण्याची वाट धरून, सुमारे २३ चौरस मीटर जागा लागते असा नगररचनेतील ठोकताळा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गखोलीसाठी तंत्रशिक्षण परिषदेने घालून दिलेला निकष ६६ चौरस मीटरांचा होता. म्हणजे तीन मोटारी जेथे दिवसभर निश्चल उभ्या राहतात, तेवढ्या जागेत साठ मुले शिकू शकतात. बहुमजली तळ उभारल्यास जमीन वाचते, पण बांधकामाचा खर्च वाढतो. आणि तो विद्यापीठाच्या निधीतून झाल्यास बसने किंवा पायी येणारी विद्यार्थिनीही आपल्या शुल्कातून मोटारवाल्याच्या जागेची वर्गणी भरते. संपत्तीची ही उलटी वाटणी आहे.

शिवाय सोय वाढविल्याने मागणी शमत नाही, उलट वाढते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल हा याचा दाराशीच असलेला पुरावा आहे. वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून बांधलेला तो पूल २०२० साली, मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांना वाट करून देण्यासाठी, पाडावा लागला. लॉस एंजेलिस येथील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फुकट वाहनतळाची ही छुपी किंमत सविस्तर मांडली. जागेचे रास्त मोल घ्यावे आणि आलेला पैसा त्याच परिसरात खर्च करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलाशी निगडित असावे, हे तत्त्व मान्य केलेले आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. शुल्क बसविले तर ते जाचेल कोणाला? गलेलठ्ठ वेतनाच्या प्राध्यापकाला ते जाणवणारही नाही. जाचेल ते तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुणाला, वीस किलोमीटरवरून दुचाकीने येणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला. २०१८ साली पुणे महानगरपालिकेने वाहनतळाचे धोरण आणले, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला आणि ते मोजक्या रस्त्यांपुरते आखडते घ्यावे लागले. तो सगळाच विरोध स्वार्थी नव्हता. ज्याला वेळेवर बस मिळत नाही त्याच्याकडून गाडीचा दंड वसूल करणे, याला धोरण म्हणता येत नाही.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे: आधी पर्याय, मग शुल्क. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली वाहनतळाचे दर वाढविले, पण त्याच वेळी विद्यार्थी व कर्मचारी यांना अल्प दरात बसचा पास दिला. पुढे विद्यापीठ वाढले, तरी मोटारींची वर्दळ त्या प्रमाणात वाढली नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ साली कायदा करून, कर्मचाऱ्यास भाड्याची जागा फुकट देणाऱ्या मोठ्या मालकांवर एक बंधन घातले. जो ती जागा नाकारील त्यास तेवढी रक्कम रोख द्यावी, असे ते बंधन होते. पायी येणाऱ्याच्या त्यागाचेही मोल असते, हे त्या कायद्याने ओळखले.

आपल्याकडील विद्यापीठांना यातून मार्ग काढता येईल. प्रथम आठवडाभर तासातासाची गणना करावी. कोठे गर्दी आणि कोठे रिकामे, हे आकड्यांनी ठरू द्यावे. प्रवेशद्वारांपासून विभागांपर्यंत, ग्रंथालय बंद होईतो चालणारी छोटी बस सुरू करावी आणि पायवाटांवर दिवे लावावेत; रात्री वसतिगृहाकडे परतणाऱ्या मुलीस वाहनतळापेक्षा दिव्याची गरज अधिक आहे. मगच शुल्क घ्यावे, आणि तेही व्यापलेल्या जागेच्या व वेतनाच्या प्रमाणात. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी उभ्या राहतात, हे दर ठरविताना विसरू नये. सायकल निःशुल्क असावी. दाराजवळची राखीव जागा हुद्द्याला नको; ती अपंग व्यक्तीला आणि रुग्णवाहिकेला असावी. जमा होणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्याचा हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लावावा आणि तो पाहणाऱ्या समितीत विद्यार्थी व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी यांना स्थान असावे.

समतेचे धडे वर्गात पुष्कळ दिले जातात. विद्यार्थी मात्र ते वर्गाच्या दाराबाहेर पडताळून पाहत असतो. कुलगुरूंची मोटार आणि शिपायाची सायकल यांना आवारात जागा कोणत्या नियमाने मिळते, हे तो रोज येता-जाता पाहतो, आणि त्यावरून विद्यापीठाची खरी शिकवण कोणती ते मनाशी ठरवितो.