टिकलीखालचा पांढरा डाग

कपाळावर टिकली बसते नेमक्या तेवढ्याच जागी कातडी फिकी पडू लागते. कधी आधी खाज सुटते, लालसर पुरळ येते. कधी काहीच कळत नाही, आणि टिकली काढल्यावर तिच्याएवढाच पांढरा गोल दिसतो. टिकलीमागच्या चिकट थरात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन मोकळे राहिलेले असू शकते. १९८०च्या दशकापासून भारतीय त्वचारोगतज्ज्ञ अशा रुग्णांची नोंद करत आले आहेत. हेच रसायन चपलेच्या डिंकातही असते; मग पट्ट्याखाली, पट्ट्याच्याच आकाराचा डाग उमटतो. मेणावर कुंकू लावण्याची जुनी रीत अगदी निर्धोक होती असे नाही. भेसळीच्या कुंकवातील रंगांनी कपाळ काळवंडते, पण त्याचे कूळ वेगळे.

कातडीचा रंग मेलॅनिनचा. रंगपेशी ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतात आणि हे काम टायरोसिनेज हे विकर करते. ही भट्टी मुळातच धगीची आहे. मेलॅनिन तयार होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये सुटतात. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन ती वेळच्या वेळी निकामी करतात. हा बंदोबस्त अपुरा पडला की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. टिकलीतल्या फिनॉलची ठेवण टायरोसिनसारखी असल्याने विकर फसते, त्यालाच कच्चा माल समजते, आणि हाती येते क्विनोन. ते ग्लुटाथायोन खाऊन टाकते आणि पेशीतल्या प्रथिनांना चिकटून बसते.

ताणाखालची रंगपेशी मुकाट मरत नाही. ती एचएसपी-७० हे प्रथिन बाहेर सोडते. ती हाक ऐकून प्रतिकारसंस्थेचे पहारेकरी येतात आणि बिघडलेल्या प्रथिनांचे तुकडे लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात. तिथे सीडी-८ जातीच्या टी पेशी सज्ज होतात. त्यांना एकदा ओळख पटली, की रसायनाचा स्पर्शही न झालेल्या धडधाकट रंगपेशींनाही त्या सोडत नाहीत. रसायनाची इजा इथवर. यापुढे स्वयंप्रतिकार रोग, म्हणजे कोड.

याचा जुना पुरावा अमेरिकेतल्या चामड्याच्या कारखान्यातला आहे. १९३९ साली तिथल्या कामगारांचे हात पांढरे पडल्याची नोंद झाली. दोष निघाला रबरी हातमोज्यांतल्या मोनोबेन्झोनचा. गंमत अशी, की रबराचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणूनच ते मिसळलेले होते! रबराचा राखणदार रंगपेशीत शिरताच उलटला. काहींना तर हातमोजा पोचत नव्हता अशा जागीही डाग आले. जपानात २०१३ साली रोडोडेंड्रॉल हा फिनॉल असलेली गोरेपणाची प्रसाधने याच कारणाने बाजारातून परत घ्यावी लागली. त्यातही वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच डाग आले. कोडाशी नाते असलेली सुमारे पन्नास जनुकीय ठिकाणे आजवर सापडली आहेत. ठिणगी रसायनाची असली तरी वाळलेले गवत घरचेच असावे लागते.

इतर रोगांतही हीच वाट दिसते. दगडाची सिलिकायुक्त धूळ आणि त्वचा ताठर करणारा स्क्लेरोडर्मा यांचे नाते एडिंबरोच्या पाथरवटांत १९१४ सालीच नोंदले गेले. तंबाखूच्या धुराने फुप्फुसातील प्रथिनांचे रूप बदलते, आणि विशिष्ट जनुके असलेल्यांत त्यांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे संधिवाताभाच्या वाटेला लावतात.

आता शेतातली रसायने. विदर्भातला वाशीम हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा जिल्हा. पावसाळ्यात पाठीवरचा फवारणी पंप घरोघर. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. ती तत्काळ विषबाधा होती. तिला स्वयंप्रतिकार रोगात मोजता येत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर येणाऱ्या विषाचा प्रश्न निराळा. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते, सुपरऑक्साइड बनवते आणि पुन्हा रिकामे होऊन तेच करत राहते, म्हणजे भट्टीतली तीच आग. अमेरिकेत वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, २०११ साली, वारंवार कीटकनाशक हाताळणाऱ्यांत संधिवाताभ आणि ल्युपस या स्वयंप्रतिकार रोगांचे प्रमाण जास्त आढळले. कल दिसतो, पण पुरावा टिकलीइतका घट्ट नाही.

विदर्भात कोड आणि कुष्ठ यांची गल्लत अजून होते. कुष्ठाचा चट्टा बधिर असतो, कोडाच्या डागाला टोचलेले कळते. कोड स्पर्शाने पसरत नाही. तरीही सोयरीक मोडते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ सालचा चित्रपट याच दुखण्यावर आहे. उपचारांत मलमे आणि अतिनील किरण आहेत. टी पेशींना बोलावणारा जेएके संदेशमार्ग अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेने २०२२ साली मान्यता दिली. टिकलीच्या डागाला मात्र पहिला उपाय फुकटचा आहे: ती टिकली लावणे थांबवणे. लवकर थांबवल्यास काहींचा रंग परततो. डाग टिकलीच्या कडेबाहेर सरकला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये, आणि जाताना टिकलीचे पाकीट सोबत न्यावे. डिंकात काय आहे ते मात्र त्यावर बहुधा छापलेले नसते.