नौकेची बॅटरी आणि तिचा चार्जर

पहांटे भरतीचें पाणी डहाणूच्या खाडींत चढूं लागतें, तेव्हां कांठावर बोलण्याला फारसा वेळ नसतो. बर्फ भरलेला असतो, जाळीं रचलेलीं असतात, खलाशी आपापल्या जागीं उभे असतात. तांडेल किल्ली फिरवितो, आणि इंजिन गर्जून उठण्याऐवजीं आंतून केवळ 'खट्' असा कोरडा आवाज येतो. खाडींत असें झालें, तर एक भरती हुकली व एका दिवसाचा धंदा बुडाला, इतकेंच. पण तोच आवाज किनाऱ्यापासून वीस मैलांवर, वारा उठला असतां आला, तर? खंबायतच्या आखाताच्या अलीकडील या समुद्रांत भरती-ओहोटीची ओढ मोठी असते. इंजिन बंद पडलेली बोट त्या ओढीच्या स्वाधीन होते.

अशा वेळीं पहिला संशय इंजिनावर येतो, दुसरा बॅटरी विकणाऱ्यावर. ज्या पेटीनें ती बॅटरी भरली, त्या चार्जरकडे बहुधा कोणी पाहत नाहीं. आणि पुष्कळदां दोष तेथेंच असतो.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा दाबून दाबून इतकी तापवावयाची कीं, तींत शिरलेलें तेल आपोआप पेटावें, हें त्याचें तत्त्व. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें तें १८९७ सालीं प्रत्यक्ष चालवून दाखविलें. परंतु हवा तापण्यासाठीं दट्ट्या पुरेशा वेगानें वर यावा लागतो. तो सावकाश आला, तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जिरते व तेल पेटत नाहीं. लहान इंजिनाला हातानें दांडा मारून हा वेग देतां येतो. सहा सिलिंडरांच्या इंजिनाला तो देणें माणसाच्या हातीं नाहीं. तेथें बॅटरीच लागते.

ही बॅटरी शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढलेली तीच जुनी रचना. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरींतील पत्रे पातळ व संख्येनें पुष्कळ असतात. त्यामुळें ती क्षणभर फार मोठा प्रवाह देते. मात्र पूर्ण रिकामें होणें तिला सोसत नाहीं.

आतां थोडें गणित पाहावें. १८० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली व तिनें इंजिन फिरवितांना पांच सेकंद ६०० अँपिअर प्रवाह दिला असें धरलें, तर एकंदर खर्च होतो तो एका अँपिअर-तासाहूनही कमी. इंजिन चालूं लागल्यावर त्यावरील आल्टरनेटर ही तूट थोड्याच मिनिटांत भरून काढतो. म्हणजे जिचा झटका एवढा दांडगा, तिची भूक मात्र अगदीं लहान! 'बॅटरी मोठी, तेव्हां चार्जरही दांडगा हवा' ही समजूत येथेंच कोसळते. मोठ्या बॅटरीला दांडगा चार्जर नको, शिस्तीचा हवा.

मग बॅटरी मरते कशानें? तीन गोष्टींनीं. पहिली, अर्धपोटीं राहिल्यानें. बॅटरी रिकामी होतांना पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. तें लगेच विरघळविलें, तर ठीक. आठवडेच्या आठवडे तसेंच राहिलें, तर त्याचे कठीण खडे होतात व तेवढा पत्रा कायमचा निरुपयोगी होतो. दुसरी, अति भरल्यानें. पाणी उकळल्यासारखें होऊन उडून जातें, पत्रे उघडे पडतात व झिजतात. तिसरी गोष्ट म्हणजे विसर. दिशा दाखविणारें यंत्र, बिनतारी यंत्र किंवा एखादा चिमुकला दिवा जोडलेलाच राहतो, आणि कोणाला न दिसतां बॅटरी पीत बसतो.

चार्जर निवडतांना प्रथम त्याचा प्रवाह किती असावा हें ठरवावें. बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा भाग, हा जुना नियम येथेंही बरोबर उतरतो. १८० अँपिअर-तासांना १८ अँपिअर. अर्धी रिकामी झालेली बॅटरी या प्रवाहानें पांच-सहा तासांत बरीचशी भरते, व उरलेला भाग सावकाश भरण्यास आणखी चार-पांच तास लागतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचा काळ सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांचा. म्हणजे एका भरतीला खाडींत शिरलेली बोट पुढच्या भरतीला निघेपर्यंत बॅटरी तयार. चार-पांच अँपिअरचा लहान चार्जर एवढ्या वेळांत काम पुरें करीत नाहीं. आणि पन्नास अँपिअरचा दांडगा चार्जर पत्रे तापवितो.

दुसरी कसोटी व्होल्टची. चांगला चार्जर तीन पायऱ्यांनीं काम करतो. आरंभीं तो भरपूर प्रवाह देतो. बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारें १४.४ व्होल्टवर पोंचला कीं तेथेंच थांबून प्रवाह हळूहळू कमी करतो. शेवटीं दाब १३.५ व्होल्टच्या आसपास उतरवून बॅटरी नुसती राखीत बसतो. चोवीस व्होल्टच्या जोडीला हे आंकडे दुप्पट समजावे. बंद तोंडाच्या बॅटरीचे आंकडे किंचित् निराळे असतात. ते तिच्या पेटीवर छापलेले असतात व तेच प्रमाण मानावे.

बाजारांत मिळणारा साधा, स्वस्त चार्जर, ज्यांत केवळ ट्रान्सफॉर्मर व रेक्टिफायर असतो, या पायऱ्या जाणत नाहीं. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्टवरून शेंकडा दहानें चढला, तर त्याचा दाबही तितकाच चढतो. चौदाचे साडेपंधरा होण्यास वेळ लागत नाहीं. खेड्यापाड्यांत विजेचा दाब दिवसा एक आणि मध्यरात्रीं दुसरा असा अनुभव नवा नाहीं. म्हणून आंतील नियंत्रक विजेच्या चढउतारांतही दाब स्थिर राखतो कीं नाहीं, हें विकत घेतांनाच विचारावें. त्याचप्रमाणें उष्णतेप्रमाणें दाब बदलणारा चार्जर मिळाल्यास तोच घ्यावा. छापील आंकडे बहुधा २५ अंश उष्णतेचे असतात. चैत्र-वैशाखांत बॅटरी ३५ अंशांवर गेली, तर बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारें ०.२ व्होल्टनें कमी ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट चोवीस व्होल्टच्या जोडीची. मोठ्या इंजिनासाठीं बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडतात. पुष्कळ ठिकाणीं त्यांतील एकीवरूनच दिवे किंवा बिनतारी यंत्र चालवितात. मग ती एक उपाशी राहते व दुसरी अति जेवते, कारण चोवीस व्होल्टचा चार्जर दोघींना एकाच पंक्तीला बसवून सारखेंच वाढतो. अशी जोडणी करूंच नये. झालीच असेल, तर महिन्यांतून एकदां जोडतार सोडून प्रत्येक बॅटरी बारा व्होल्टच्या चार्जरवर वेगळी भरावी.

ही काळजी सर्वांत अधिक लागते पावसाळ्यांत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. डहाणू, चिंचणी, बोर्डी येथें, तसेंच तलासरी तालुक्याच्या वांट्याला आलेल्या झाईच्या कांठावर, बोटी वर ओढून झांकलेल्या असतात. या दिवसांत जोडलेल्या राहिलेल्या यंत्रानें दर तासाला केवळ एक दशांश अँपिअर-तास घेतला, तरी एकसष्ट दिवसांत सुमारें १४६ अँपिअर-तास संपतात, म्हणजे १८० पैकीं जवळजवळ सारे! शिवाय बॅटरी आपण होऊनही उष्म्यांत थोडी थोडी रिती होत असते. म्हणून बंदी लागतांच तारा सोडून बॅटरी घरीं आणावी, पूर्ण भरावी व राखणाऱ्या चार्जरवर ठेवावी. तसा चार्जर नसेल, तर दर पंधरवड्याला एक रात्र भरावी. विश्रांतींत असलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.६ असला, तर ती भरलेली, १२.२ असला, तर अर्धी झाली व वेळ टळत चालली, असें समजावें.

कांहीं पथ्यें जिवाशीं निगडित आहेत. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत शेंकडा चार भाग झाला तरी तो पेट घेतो. इंजिनाच्या बंद कोठडींत, चुलीपाशीं किंवा विडी ओढीत बॅटरी कधीं भरूं नये. प्रथम चिमटे लावावे, मग विजेची कळ दाबावी; काढतांना आधीं कळ बंद करावी. चार्जर असा असावा कीं, घरच्या विजेची तार व बॅटरीची तार आंत कोठेंही एकमेकींस मिळूं नयेत, नाहींतर ओल्या पायांनीं उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. पाणी कमी झालें, तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें. खारें पाणी पडलें, तर भरतांना विषारी क्लोरिन वायु निघतो, आणि बॅटरीही जाते.

तलासरीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मालमोटारींतही याच जातीच्या बॅटऱ्या असतात, आणि बॅटरीचें ज्ञान पुष्कळांना तेथूनच मिळतें. पण मालमोटार बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते; मागून येणारा कोणी तरी मदतीला थांबतो. समुद्राला कड नाहीं. याच दोन तालुक्यांतील कित्येक आदिवासी तरुण पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील बोटींवर खलाशी म्हणून दूरच्या पाण्यांत जातात. बोट त्यांची नसते, बॅटरीही त्यांची नसते. जीव मात्र त्यांचा असतो.

म्हणून चार्जर विकत घेतांना केवळ किंमत पाहून पैसे मोजूं नयेत. जाळें फाटलें, तर शिवतां येतें, आणि एका खेपेस मासळी कमी आली, तर ती पुढच्या खेपेस भरून निघते. भर समुद्रांत किल्ली फिरवितांच इंजिन उठलें पाहिजे, यांत मात्र उधारी चालत नाहीं. आणि तें उठेल कीं नाहीं, हें घरच्या कोपऱ्यांतील त्या लहानशा पेटीनें आदल्या रात्रींच ठरविलेलें असतें.