कपाटातील पुस्तकांचा हिशेब

(जालना जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



आपल्या शाळांत पुस्तके नाहीत, ही तक्रार आता अर्धीच खरी राहिली आहे. 1987 साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून खेड्यांतील शाळांना पुस्तके मिळू लागली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे आपल्या अनुसूचीत नमूद केले. 2018 च्या समग्र शिक्षा योजनेत तर शाळेच्या स्तराप्रमाणे 5,000 ते 20,000 रुपयांचे वार्षिक ग्रंथालय अनुदान धरले गेले. परंतु मुलाने पुस्तक घरी न्यावे की नाही, याविषयी ती अनुसूची मौन पाळते. आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पुष्कळ ठिकाणी पुस्तके कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. प्राथमिक शाळेला ग्रंथपाल नाही. वर्ग सांभाळून, वरून मागविलेले तक्ते भरून जो हे काम पाहतो, त्याला साठा नोंदवहीचा धाक असतो. पुस्तक कोणी वाचले नाही, म्हणून त्याला जाब द्यावा लागत नाही. हरवले तर द्यावा लागतो. असा व्यवहार असेल, तर कुलूप लावणारा मनुष्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणाच म्हटला पाहिजे! चूक आहे ती हिशेबाच्या पद्धतीत.

कारखानदार यंत्राचा घसारा दरसाल खर्ची टाकतो. जालना तर बियाण्यांचे गाव. सोयाबीनची उगवणशक्ती 70 टक्के असली तरी ते प्रमाणित बियाणे म्हणून विकले जाते. उरलेले 30 दाणे उगवणार नाहीत, म्हणून कोणी पेरणी थांबवीत नाही. शाळेचे पुस्तक तेवढे अजरामर राहिले पाहिजे, हा हट्ट कशासाठी? मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत, याची आठवण रंगनाथन यांनी 1931 च्या आपल्या ग्रंथालयशास्त्रावरील ग्रंथात दिली आहे. आपण साखळीऐवजी नोंदवही वापरतो, इतकेच.

या जिल्ह्यात प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या भागांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सारा हंगाम घालवावा लागतो. अशा घरातील मुलाला व्याज नसलेले, फेडताना अपमान न करणारे देणे कोठे भेटत असेल, तर ते शाळेच्या पुस्तकाच्या रूपाने. (म्हणूनच अशा मुलाकडून उशिराबद्दल दंड घेणे मला अशोभनीय वाटते.) बिऱ्हाड हलण्यापूर्वी पुस्तक परत घ्यावे, अशी व्यवहारी सूचना केली जाते. मला नेमके उलटे सुचवावयाचे आहे. त्या दिवशी मुलाला एकाऐवजी तीन पुस्तके द्यावीत. ती चार-सहा महिने फडावर, कोपीत राहतील, पाचटात मळतील, एखादे येणारही नाही.

हे अव्यवहार्य आहे काय? सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जात असत आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोशीत असे. एका राजाला जे परवडले, ते लोकशाही शासनाला परवडू नये, असे मी मानीत नाही. साखर कारखान्यांच्या परिसरातील शाळेत अशी एक पेटी ठेवली आणि गावच्या शाळेचे पुस्तक तेथेही परत करता आले, तर बाकी राहणारी पुस्तके बरीच कमी होतील.

मागणी फार मोठी नाही. दरसाल साठ्याचा ठराविक हिस्सा वापरात संपला असे धरून तो निर्लेखित करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला असावा. शिक्षकाच्या पगाराला त्याची झळ लागू नये. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातील पुस्तके मोजण्याऐवजी देवघेवीची वही उघडावी. आणि ज्या शाळेत वर्षभरात एकही पुस्तक फाटले वा हरवले नाही, तिच्याकडून लेखी खुलासा मागवावा.