दर्या आणि दऱ्या

श्रोतेहो, गोव्यात मिरामारला उभं राहिलं की समोर दर्या, आणि सत्तरीच्या वाटेला लागलं की डोंगराच्या दऱ्या. दोन्ही शब्द मी आत्ता उच्चारले आणि तुमच्या कानांनी ते वेगळे ओळखले. मुक्त सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहायला बसलं की पहिली ठेच मात्र इथेच लागते. दऱ्यांमधला तो कोयत्यासारखा र संगणकावर दोन तऱ्हांनी येतो: खाली टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातल्यावर. दिसायला दोन्ही सारखे. पण एकाने असा लिहिला, दुसऱ्याने तसा, की शोध घेताना निम्मी पानं हाती लागत नाहीत.

मग लिहायचं कशात? विम आणि ईमॅक्स या संपादकांचे भक्त रागावतील, पण काळ्या टर्मिनलमध्ये मराठी लिहू नये. तिथे अक्षरं ठरावीक चौकटींत बसवतात; आपली जोडाक्षरं त्यांत मोडतात, वेलांट्या भरकटतात. केटसारखा खिडकीतला साधा संपादक बरा.

लिब्रेऑफिस रायटर? एकट्याने लिहून छापायचं असेल तर जरूर. पण त्याची फाइल म्हणजे आवळून बांधलेलं गाठोडं. कुणी कोणती ओळ बदलली हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला त्यातून थेट दाखवता येत नाही. साध्या मजकुरात ते दिसतं. म्हणून साध्या मजकुरातच थोड्या खुणा घालून लिहायचं, 2004 मध्ये आलेलं मार्कडाउन इतकं रुजलं. लिनक्स कर्नेलच्या मंडळींनीही 2016 पासून डॉकबुकचे जड टॅग सोडून अशीच हलकी पद्धत धरली.

आता पेडण्यातल्या एखाद्या शाळेचे मास्तर घ्या. पुस्तिकेतली चूक त्यांनाच सापडणार, कारण वर्गात मुलं अडतात ती त्यांच्यासमोर. त्यांना गिट शिकायला लावलं तर चूक तशीच राहील. यावर तोडगा विकिपीडियाने काढला आहे, आणि गोव्याला तो परका नाही: गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली खुले केले, 2015 मध्ये कोंकणी विकिपीडिया सुरू झाला. विकिपीडियावर एकाच पानाला दोन दारं असतात: जाणत्यांसाठी खुणांचा कच्चा मजकूर, नवख्यांसाठी दिसेल तसं लिहायची सोय. पुस्तिकेलाही अशीच दोन दारं हवीत. मूळ फाइल मार्कडाउनची, मास्तरांसाठी ब्राउझरमधली खिडकी.

आणि पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, दऱ्यांमधला ऱ येतो.