टावरवर बर्फ पडत नाही
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेर पाऊस पडतोय, आत पंखे फिरताहेत, आणि आम्ही थंडीत धावण्यावर बोलायला उभे राहिलो आहोत. मंडळाच्या चिटणीसांनीही आम्हाला विचारलं, ‘हा विषय भाद्रपदात कशाला?’ कशाला ते शेवटी कळेलच. पण एक कारण आत्ताच सांगतो. दिवाळी झाली की आमची टोळी पुन्हा रस्त्यावर उतरते, आणि त्याआधी काही गोष्टी तुमच्यासमोर कबूल करायच्या आहेत.

आमच्या टोळीला गावात ‘टावरवाले’ म्हणतात. आम्ही दहा-बाराजण. कुणी नोकरदार, कुणी दुकानदार, दोन-तीन निवृत्त. गेली काही वर्षं हिवाळ्यात पहाटे साडेपाचला टावर चौकात घड्याळाखाली जमायचं, कोठी रोडने विद्यापीठाच्या बाजूला धावत जायचं आणि परत यायचं, असा नेम होता. पाच-सहा किलोमीटरची चक्कर. संध्याकाळचा टावर तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. चाट, गराडू, गर्दी, गाडी लावायला जागा नाही. पहाटेचा टावर वेगळाच असतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी पोरं, एखादी चहाची टपरी, कुणीतरी पेटवलेला अलाव आणि धुकं. टावरवरचं घड्याळ खालून दिसत नाही इतकं धुकं आम्ही पाहिलं आहे.

आता, आपल्या गावची थंडी ती किती? कर्कवृत्त आपल्या दारावरून जातं. डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहावर असतो, उत्तरेकडून लाट आली की चार-पाचवर येतो. हा आकडा आपण सकाळी पेपरात वाचतो, तो बहुतेक वेळा आपल्या जिवाजी वेधशाळेचा असतो. जयसिंहाने बांधलेली ती वेधशाळा पडझडीला आली होती, माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि तिचे पहिले अधीक्षक झाले ते आपले गोविंद सदाशिव आपटे. हे थोडं विषयांतर झालं, पण आपल्या मंडळात आपट्यांचं नाव निघाल्याशिवाय वेधशाळेचं नाव निघू नये असं आम्हाला वाटतं.

तर पाच अंश. मावठा पडून गेला की दोन दिवस दात वाजतात. बर्फ मात्र कधी नाही. आणि आमची सगळी चूक याच वाक्यात होती: ‘इथे काय बर्फ पडतो?’

हे वाक्य आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य नेहमी म्हणायचे. त्यांना आम्ही काकाच म्हणतो, इथेही तेवढंच म्हणू. ते समोरच बसले आहेत आणि त्यांची परवानगी घेऊन बोलतो आहोत. काकांची मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तुमच्यापैकी कितीतरी घरांतली मुलं अशाच थंड गावांत आहेत, शिकागोला, टोरोंटोला. मिनियापोलिसला जानेवारीत रात्रीचा सरासरी पारा उणे तेरा-चौदापर्यंत जातो. गावातली तळी गोठतात, लोक त्यांच्यावरून चालतात. भर गावात एका इमारतीतून दुसरीत जायला काचेचे बंद पूल बांधले आहेत, म्हणजे बाहेर पाऊलच टाकावं लागू नये. अशा गावात ही मुलगी तळ्याकाठच्या रस्त्यावरून आठवड्यातून चार दिवस धावते. परवाच्या आदल्या डिसेंबरात एका रविवारी काकांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि ती आम्हा सगळ्यांशी बोलली. तिचं दार उघडल्यावर दिसला तो पांढराशुभ्र रस्ता अजून डोळ्यांसमोर आहे.

आम्ही गमतीने विचारलं, ‘ताई, गोठून जात नाहीस का?’ तिने गंमत बाजूला ठेवून सगळं सांगितलं. अंगाला चिकटून एक पातळ कपडा, घाम बाहेर टाकणारा, सुती अजिबात नाही, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. त्यावर लोकरीचा. सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. पारा जेवढा असेल त्याहून दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घालायचे, म्हणजे निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. दारातच गरम वाटलं तर वाटेत घामाघूम होणार आणि परतताना गारठणार. हातमोजे पाच बोटांचे नाहीत, चार बोटं एकत्र राहतात तसले, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारा पाठीशी घ्यायचा. बर्फावर पावलं लहान टाकायची, बुटांना खाली काट्यांच्या पट्ट्या लावायच्या. मोबाईल अंगाजवळच्या खिशात, नाहीतर थंडीने बॅटरी बसते. आणि निघायच्या आधी घरात दहा मिनिटं जिना चढायचा-उतरायचा. कुठल्या रस्त्याने जाणार, किती वाजता परतणार, हे घरात सांगूनच निघायचं.

‘आणि वारा असला तर?’ आमच्यातल्या एकाने विचारलं. ती म्हणाली, पारा उणे अठरा आणि वारा ताशी चोवीस किलोमीटर असला तर अंगाला तो उणे अठ्ठावीससारखा लागतो, आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. ‘त्या दिवशी मी जात नाही, दादा.’

ते ‘जात नाही’ आम्ही ऐकलंच नाही. आम्ही फक्त उणे अठ्ठावीस ऐकलं आणि वा वा केलं. काका म्हणाले, ‘बघा, पोरगी उणे चौदात पळते, आणि तुम्ही पाच अंशांत कानटोप्या घालता!’ दुसऱ्या दिवसापासून आमच्यातल्या निम्म्यांनी कानटोप्या घरी ठेवल्या. मर्दानी कारभार!

आपल्या देशातही बर्फात धावतात, हे तेव्हा आम्हाला नुकतंच कळलं होतं. 20 फेब्रुवारी 2023 रोजी लडाखमध्ये पँगाँग तळ्याच्या गोठलेल्या पाठीवरून 75 जण 21 किलोमीटर धावले, लुकुंगपासून मान गावापर्यंत. उंची 13,862 फूट. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी 2022 च्या मार्चमध्ये हिमाचलात सिस्सूला बर्फातली शर्यत झाली होती. पँगाँगच्या बातमीत आम्ही आकडे वाचले आणि छाती फुगवली. धावणाऱ्यांची आधी वैद्यकीय तपासणी झाली, त्या उंचीची सवय व्हावी म्हणून त्यांना आधी काही दिवस तिथे राहावं लागलं, हे त्याच बातमीत होतं. ते आम्ही कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

आता आमची पद्धत ऐका. साडेपाचला टावरवर यायचं. अलावाजवळ हात शेकायचे. धूर डोळ्यांत जातो म्हणून बाजू बदलत राहायचं. कटिंग चहा घ्यायचा. मग कुणीतरी ‘चला’ म्हणायचं आणि शेकलेलं अंग घेऊन आम्ही एकदम पळत सुटायचो. अंग मोकळं करणं वगैरे काही नाही. अंगात सुती बनियन, वर बायकोने विणलेला स्वेटर. परतताना बनियन पिळून काढावं इतकं ओलं, आणि त्याच ओल्या अंगाने पोह्याच्या गाडीवर अर्धा तास गप्पा.

जानेवारीतली गोष्ट. लाट होती, पारा पाचच्या आसपास. कोठी रोडवर निम्म्या वाटेत काका थांबले. छातीवर हात नव्हता, तो पोटाच्या जरा वर होता. म्हणाले, ‘गॅस झालाय. काल रात्री गराडू जास्त झालं.’ आदल्या रात्री टावरवर आम्हीच सगळ्यांनी मिळून गराडू खाल्लं होतं, त्यामुळे आम्हाला लगेच पटलं. दोघांनी धरून त्यांना हळूहळू चालवत टावरवर आणलं. चालवत आणलं, हे लक्षात ठेवा. अलावाजवळ बसवलं, आल्याचा चहा पाजला, एकाने ओव्याची पुडी काढली. गप्पा सुरू झाल्या. आमच्यातल्या एकाने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो गप्प झाला. पाच अंशांत, पंधरा मिनिटं बसलेल्या माणसाला घाम सुटला होता. थंडगार घाम.

मग गाडी, दवाखाना, तिथून इंदूर. दोन स्टेंट. काका वाचले, आज पहिल्या ओळीत बसून आमच्याकडे रोखून बघताहेत. पण कोठी रोडवर थांबल्यापासून गाडीत घालेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती. ती आम्ही घालवली, दुसऱ्या कुणी नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, तिकडे पहाट होती. ती रडली नाही, रागावली नाही. तिने एकच विचारलं, ‘दादा, बाबांना किती वेळ बसवून ठेवलंत?’ ज्याने फोन घेतला होता त्याने खोटं सांगितलं. दहा मिनिटं म्हणाला. तो आमच्यातलाच आहे, कोण ते सांगणार नाही. महिन्याने तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टरांनी नंतर आम्हा सगळ्यांना बसवून जे समजावलं, ते आमच्या भाषेत सांगतो. थंडी लागली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, शरीर ऊब आत राखायला बघतं. तेवढंच रक्त अरुंद नळ्यांतून ढकलायचं म्हणजे दाब वाढतो, हृदयाला जोर लावावा लागतो. पहाटे दाब तसाही वर येत असतो, रक्त गोठण्याचा कलही तेव्हा जास्त असतो. त्यात तुम्ही तयारी न करता एकदम पळत सुटलात, तर हृदय जास्त रक्त मागतं. ज्याच्या हृदयाच्या नळ्या आतून आधीच भरल्या आहेत, आणि पन्नाशीनंतर ते आपल्याला ठाऊक नसतं, त्याला तेवढं पुरतं. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या वेळी जास्त येतात, ते यामुळे. थंडीत तहान लागत नाही म्हणून आपण पाणी पीत नाही, तेही वाईटच.

दुसरी गोष्ट ऐकून आमच्या घरच्या आजी रागावल्या, तरी सांगतो. पहाटेची हवा शुद्ध असते हे गावात, हिवाळ्यात, खरं नाही. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण पडतं. अलावांचा, गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन वर आलं, जमीन तापली, की तो सुटतो. म्हणजे साडेपाचला आम्ही जे छाती भरभरून घेत होतो, ते ताज्या हवेपेक्षा धूरच जास्त होतं. वर धुक्यात दिवे न लावता येणारी वाहनं. आजी म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई कार्तिकात पहाटे क्षिप्रेवर स्नानाला जायच्या, त्यांना काही झालं नाही.’ आम्ही म्हटलं, आजी, त्या स्नान करून हळूहळू चालत घरी यायच्या, स्टॉपवॉच लावून पळत नव्हत्या. आजी हसल्या, पण पटलं असं म्हणाल्या नाहीत.

तर आता नवे नियम. ते मुलीनेच फोनवर लिहून घ्यायला लावले. जमायची वेळ साडेपाच नाही, सात. सात वाजता सुरुवात केली तरी अंघोळ-पोहे करून दहाला ऑफिसात हजर होता येतं, आम्ही मोजून पाहिलं आहे. पहिली दहा मिनिटं चालणं. नाकावर मफलर, म्हणजे श्वासाची हवा जरा ऊबदार होऊन आत जाते, दम्याचा त्रास असणाऱ्यांना तर हे हवंच. सुती बनियन बंद. अंगावर चमकणारी पट्टी. अलाव चालणाऱ्यांसाठी सोडला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने दिवाळीआधी डॉक्टरांना दाखवून यायचं आणि धावायला हरकत नाही हे विचारायचं. ज्यांना रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी ती केव्हा घ्यायची तेही विचारायचं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात, पोटाच्या वर काहीही जड वाटलं की जागीच बसायचं, चालायचं नाही, आणि इतरांनी 108 लावायचा. ओवा नाही, आलं नाही, ‘बघू थोडा वेळ’ नाही. पारा पाचच्या खाली असेल त्या दिवशी कुणीही धावणार नाही, घरात जिना चढा. हा शेवटचा नियम मंजूर व्हायला तीन बैठका लागल्या.

छाती दाबून हृदय चालू ठेवायची पद्धतही डॉक्टरांनी शिकवली, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पुतळ्यावर पहिल्यांदा दाबताना आमच्यातल्या धिप्पाड मंडळींनाही दोन मिनिटांत धाप लागली. मंडळाने मनावर घेतलं तर दसऱ्याआधी याच सभागृहात सगळ्यांसाठी ती शिकवणी ठेवता येईल, बायकांसाठीही, कारण घरात असं काही झालं तर तेव्हा त्याच जवळ असतात. चिटणीस मान हलवताहेत, त्याची नोंद घ्यावी.

काका आता धावत नाहीत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. मुलगी डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येते आहे आणि टावरवर आमच्याबरोबर धावणार आहे. तिला आमचे पाच अंश बघायचे आहेत. आम्ही पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू करतो. सात वाजता, घड्याळाखाली. नवीन कुणाला यायचं असेल तर जरूर या, येताना कानटोपी आणा. काका दारापाशी उभे राहून टोप्या मोजणार आहेत.

गणपती बाप्पा मोरया!