जगाचा कायदा आपल्या काय कामाचा?



आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंची लेक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला एलएलएम करायचंय आणि विषय घ्यायचाय आंतरराष्ट्रीय आणि तुलनात्मक कायदा. घरात वाद सुरू झाला. आजी म्हणाली, "जमिनीचे, फारकतीचे दावे शिक म्हणावं. परदेशातला कायदा आपल्या काय कामाचा?" ताईंनी हे बैठकीत मांडलं, तेव्हा बऱ्याच जणींना आजीचंच पटलं. म्हणून आज त्यावरच बोलू.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे देशादेशांनी मिळून केलेले करार आणि पाळायचे नियम. तुलनात्मक कायदा म्हणजे एकाच प्रश्नावर दोन ठिकाणचे कायदे शेजारी ठेवून बघायचं. शेतात आपण दोन वाण शेजारी लावतो आणि कुठला चांगला येतो ते पाहतो, तसंच हे.

आता हे आपल्यापर्यंत कसं पोचतं ते बघा. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. एक बालविवाह थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा राग धरून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. पण महिला संघटनांनी सुप्रीम कोर्टात वेगळा प्रश्न विचारला: कामावर जाणाऱ्या बाईच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची?

तेव्हा देशात त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. मात्र बायकांवरचा भेदभाव संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये एक करार केला होता. सीडॉ म्हणतात त्याला. भारताने तो १९९३ मध्ये मान्य केला होता. असा करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. पण कोर्टाने म्हटलं, घरचा कायदा नसेल आणि करार आपल्या संविधानाच्या विरोधात नसेल, तर बाईच्या मूलभूत हक्काचा अर्थ लावताना त्याचा आधार घेता येतो. १९९७ च्या त्या 'विशाखा' निकालात नियम घालून दिले गेले. निकाल देणाऱ्या तिघा न्यायाधीशांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश सुजाता मनोहर होत्या. पुढे २०१३ मध्ये कायदा झाला. परदेशात झालेला करार असा शेतमजूर बाईपर्यंत आला.

तुलनेसाठी तर लांब जायलाच नको. शेजारच्या गोव्यात पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. घर-जमीन विकायला बायकोची संमती लागते. आपल्याकडे नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेल्या शेतात बायको जन्मभर राबली, तरी त्याच्या हयातीत ती आपोआप मालकीण होत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं, पण नवऱ्याने अर्ज केला तर. तिकडे हक्क, इकडे नवऱ्याची मर्जी. हा फरक कळला, की आपलंच नशीब असं, हे म्हणणं थांबतं. कायदा माणसांनी केलेला असतो आणि तो वेगळाही करता येतो, हे समजतं.

म्हणून ही मुलगी जे शिकेल ते वाया जाणार नाही. मात्र तयारी लागते. कायद्याची पदवी बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची असते. राज्याची सीईटी असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक पेपर पदवीतही असतो. मोठे निकाल इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजी वाचायची सवय शाळेपासूनच लावा.

आणि आपल्यासाठी दोन कामं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या बाईला, घरकाम करणारीलाही, छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मालकच छळत असेल तरीही. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. लिहिता येत नसेल, तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. तक्रार घेण्यासाठी तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो. तो कोण, हे पुढच्या मासिक बैठकीआधी विचारून गटाच्या वहीत लिहा. दुसरं काम म्हणजे प्रत्येकीने घरचा सातबारा काढून बघायचा. त्यावर नावं कुणाकुणाची आहेत, ते मोठ्याने वाचायचं. लेकींनाही ऐकू द्या.