दगडावरची वंशावळ

परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवतो. खानदेशच्या फारुकी राजांचा इतिहास लिहिताना बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील संस्कृत शिलालेखाची उलटतपासणी आपण करतच नाही, हे मला फार वर्षे सलते आहे. ते याच गावात बोलायला हवे.

शके १५११ म्हणजे इ. स. १५९० च्या सुमारास राजा अलीखान ऊर्फ आदिलशाहाने हा लेख कोरवला. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन, पुढे तिथी-नक्षत्रांसह काळ आणि वंश : राजा मलिक, त्याचा मुलगा गजनी, मग कैसर, हसन, आदिलशाह, मुबारक आणि पुन्हा आदिलशाह, म्हणजे राजा अली स्वतः. यातला गजनी म्हणजे नासिरखान असे धरले जाते. कैसर आणि हसन मात्र गादीवर बसलेच नाहीत. उलट १४३७ ते १५०८ या काळात ज्यांनी राज्य केले ते मीरान आदिलखान, पहिला मुबारक, दुसरा आदिलखान आणि दाऊद यांचा लेखात पत्ता नाही. दाऊदनंतर वारसाचा तंटा झाला आणि गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या लेकीच्या मुलाला फौजेच्या बळावर गादीवर बसवले. तोच हसनचा मुलगा, लेखातला पहिला आदिलशाह. म्हणजे गादी एका शाखेकडून दुसरीकडे गेली आणि दगडावर तिचा ओघ अखंड दिसतो.

यावर म्हटले जाते की शिलालेख समकालीन. उलट गाळलेल्या राजांची नावे देणारा इतिहासकार फिरिश्ता विजापूर दरबारचा, तो १६०४ मध्ये तिथल्या शाहजादीच्या लवाजम्यासोबत इथे आला तेव्हा फारुकींचे राज्य बुडाले होते. फिरिश्त्याला मी सूट देत नाही. फारुकींचे मूळ खलिफा उमरपर्यंत नेणारी त्याची वंशावळही तपासूनच घ्यावी. पण लेख समकालीन आहे तो १५९० ला. १५०८ साठी तो ऐंशी वर्षांनंतरचाच पुरावा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ही बाप-लेकांची ओळ आहे, राजावली नव्हे, मग लपवाछपवी कसली? कबूल. हेतू सिद्ध करता येत नाही, परिणाम मात्र दिसतो. राजा अली भाऊ महंमदच्या मागून १५७६ मध्ये आला तो महंमदच्या अल्पवयीन मुलाला दूर सारून. सरळ ओळीत ना तो भाऊ येतो, ना तो पुतण्या.

आयर्लंडच्या मध्ययुगीन राजघराण्यांतही गादी थोरल्या मुलाकडेच जाईल असा नेम नव्हता; भाऊबंदांतला समर्थ पुरुष ती घेई. ब्रायन बोरूचे घराणे वर आले तेव्हा मुन्स्टरच्या जुन्या राजवंशाशी त्याचे नाते जुळवणाऱ्या वंशावळी तयार झाल्या. तिथल्या इतिहासकारांनी त्या फेकून दिल्या नाहीत. त्या लिहिल्या गेल्या त्या काळच्या राजकारणाचा पुरावा म्हणून वाचल्या. आपल्या लेखालाही तोच न्याय द्या. पूर्वजांबद्दल तो थोडे सांगतो, राजा अलीबद्दल पुष्कळ : एका मुसलमान राजाला मशिदीत, संस्कृतात, पंचांगाच्या भाषेत आपला हक्क मांडावासा वाटला!

लेखाचे नवे ठसे घ्यावेत, संस्कृत, अरबी आणि फारसी जाणणाऱ्यांनी एकत्र बसून वाचन करावे, असीरगडचे लेखही सोबत घ्यावेत. खर्चाचे आणि वेळापत्रकाचे कार्यकारिणीने पाहावे.